माझा अर्थ, सुनंदाच्या तोंडी

परवा टोकावड्याच्या ढाब्यावर गवती चहाचा वास आला आणि मला पाचवीतली शाळेची तपासणी आठवली.

आदल्या दिवशी धड्यात ‘निर्मनुष्य’ हा शब्द आला होता. गुरुजींनी शिकवल्याप्रमाणे मी मागची-पुढची वाक्यं पुन्हा वाचली. दारं बंद, कुत्रीही गप्प, पावलांचा आवाज नाही. “जिथं कोनी मानूस नाय!” मी ओरडले. गुरुजी खूश झाले. “उद्या साहेबांपुढे तूच सांग.”

सकाळी मात्र म्हणाले, “तुझी बोली साहेबांना रुचायची नाही. सुनंदा सांगेल. तू चहाचं बघ.”

मी बाहेर चहा उकळत होते आणि आत सरपंचांच्या सुनंदाने माझा अर्थ शुद्ध भाषेत सांगितला. साहेबांनी शाबासकी दिली आणि पुढच्या धड्यातल्या ‘उसंत’चा अर्थ विचारला. तो तिला येईना. मी कप घेऊन आत शिरले, तसे गुरुजी घाईने म्हणाले, “तू सांग गं!”

मला येत होता. “नाय ठाव, गुरुजी,” मी म्हटलं.

त्यांचा चेहरा पडला. चांगली जिरवली, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. आता साहेबच जास्त आठवतात. हे अपेक्षितच होतं, अशी त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातातला कप घेतला.