नळ आल्याचा भोंगा

लातूरच्या आमच्या शाळेत दर शनिवारी मी वस्तू बनवायचा वर्ग घेते. तारा, मोटारी, पुठ्ठे दिसले की पोरं एका पायावर तयार असतात. केलेलं लिहा म्हटलं की सगळ्यांना एकदम तहान लागते. सुरुवातीला मी वह्या दिल्या, तर प्रत्येकानं तेच लिहून आणलं, ‘अशा प्रकारे आमचा प्रयोग यशस्वी झाला.’ ज्याची गाडी जागची हललीसुद्धा नाही, त्याचाही यशस्वी! प्रॅक्टिकलची वही मागच्या वर्षीच्या हुशार मुलाकडून आणून उतरवायची असते, हे पोरं ताई-दादांकडून शिकूनच येतात. माझा पारा असा चढला की मी सगळ्या वह्या कपाटात कोंबल्या.

मग नवा नियम केला. काही बिघडलं तर दुरुस्त करायच्या आधी घरच्या मोबाइलवर मिनिटभर बोलायचं, घरी बोलता तसंच, आणि ते रेकॉर्डिंग मला पाठवायचं. काय झालं, कशानं झालं असं वाटतं, आता काय करणार. माझा फोन ‘वाजंना’, ‘जळालं’, ‘तुटलं’ यांनी भरून गेला आणि मला ते ऐकायची चटकच लागली.

त्या वर्षी नववीतली एक मुलगी नळाला पाणी आलं की वाजणारा भोंगा करत होती. नळ कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून तिची आई निलंग्याला माहेरी जायचंसुद्धा टाळायची. नळाखाली डबा, डब्यात दोन उघड्या तारा. पाणी तारांना लागलं की भोंगा वाजणार. तिचे वडील एसटीत कंडक्टर. पोरीला डॉक्टर करायचं त्यांच्या मनात पक्कं होतं आणि ट्यूशनची बॅच नेमकी शनिवारी. लातुरात नववीचं पोर शनिवारी मोकळं दिसलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. वर्गातून तिचं नाव कमी करायला येतो, असा त्यांचा निरोप आला. मुलगी मला म्हणाली, “मॅडम, एकदा त्यांना दाखवू तर द्या.”

ते खाकी कपड्यांतच आले. तिनं डब्यात पाणी ओतलं. भोंगा गप्प.

“बघितलं का?” ते मला म्हणाले. “ह्याच्यासाठी वर्ष घालवायचं का, मॅडम?”

मला पोरीचा आणि भोंग्याचा, दोघांचाही राग आला. ती मात्र डब्यात डोकावून बघत होती.

“थांबा पप्पा, हे मागं बी झालतं,” ती म्हणाली. “मॅडम, माझं ते दिवाळीनंतरचं लावा.”

मी फोनवर शोधून लावलं. तिचाच आवाज. “मॅडम, भोंगा वाजंना. मला वाटलं सेल संपले. बदलले, तरी न्हाई. तारांवर पांढरं बसलंय, बोरच्या पाण्यानं हंड्याला बसतंय तसं. आता खरवडून बघते.” तेवढ्यात मागून दुसरा आवाज आला, “ए, काय बडबड लावलीस? पुस्तक उघड!” मग “उघडते पप्पा”, आणि एकदम कुजबुज, “खरवडल्यावर सांगते, मॅडम.”

वर्ग खो खो हसला. वडिलांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता संपलंच, हा माणूस पोरीला हाताला धरून नेणार. ती आपली ब्लेडनं तारा खरवडत होती. तिनं पुन्हा पाणी ओतलं आणि भोंगा असा कर्कश वाजला की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले.

वडील माझ्या फोनकडे बघत होते.

“खरवडल्यावर सांगितलं का तिनं?” त्यांनी मला विचारलं.

“सांगितलं ना. त्याच दिवशी.”

“लावा की.”

ते बाकावर बसले. मी तेही लावलं, त्याच्या आधीचं लावलं, नंतरचं लावलं. कुठं ती चिडलेली, कुठं स्वतःवरच हसणारी. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मुलगी ओल्या हातांनी तशीच उभी.

शेवटी ते उठले. “रविवारची बॅच हाय का, इचारतो ट्यूशनवाल्याला.”

माझा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं मला निकालाच्या दिवशीही कधी वाटलेलं नाही. दारापर्यंत जाऊन ते पोरीकडे वळले.

“आन् घरी मॅडमला सांगायचं असलं की आधी ते बोलत जा, पुस्तक मागनं उघड. मी गप बसतो.”