बाहेर चालणारा फोन

विमलकाकूंचा फोन आला की आधी गल्ली दाखवावी लागे. "तुला रोजच बघते मी. रस्ता दाखव," असं म्हणायच्या. मग मी गॅलरीत जाऊन फोन फिरवायची. भाजीची गाडी, कोपऱ्यावरचे रिक्षावाले, कुणाच्या तरी दारातलं भांडण. काकू कॅनडातून एकेकाची चौकशी करायच्या.

नवीन जालन्यात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. माहेर केदारखेड्याचं. काम असो-नसो, सकाळची बाहेरची फेरी ठरलेली. दूध आणायला गेलेल्या काकू चार घरच्या बातम्या घेऊनच परतायच्या. काका गेल्यावरही ती फेरी चुकली नाही. नातू झाला म्हणून त्यांच्या मुलाने, प्रशांतने, त्यांना सहा महिन्यांसाठी तिकडे बोलावून घेतलं आणि हातात नवा फोन दिला. तो घरातल्या वायफायवर चाले. वेगळं सिमकार्ड कशाला, दिवसभर घरातच तर असतेस, असं त्याचं म्हणणं.

ते खोटंही नव्हतं. तो आणि सून सकाळी कामावर जात, ते संध्याकाळी येत. मधला सगळा वेळ बाराव्या मजल्यावर काकू आणि बाळ. एक दिवस बाळाला जरा ऊन दाखवावं म्हणून त्या खाली उतरल्या. मागे इमारतीचं दार बंद झालं. किल्ली त्यांना कुणी दिलीच नव्हती. फोन होता, पण बाहेर तो लागेना. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगावं तर भाषा नाही. थंडीत बाळाला पदराखाली घेऊन त्या उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने एक बाई आत जायला आली, तिच्या मागून त्या शिरल्या. संध्याकाळी प्रशांत रागावला नाही. आई, आता एकटी खाली जाऊ नकोस, एवढंच म्हणाला.

मला हे सांगताना काकू हसल्या. "दाराबाहेर पाऊल टाकलं की फोन मुका होऊन राह्यला. मी बी तशीच."

सहा महिने संपत आले तेव्हा प्रशांतचा मला फोन आला. आईची इथे राहायची मुदत वाढवून घेतोय, तू तिला समजाव, म्हणाला. मी समजावलं काहीच नाही, त्याचा निरोप तेवढा काकूंच्या कानावर घातला. त्यांना अंदाज होताच.

"न्हाई कशी म्हणू? मी आले की लेकराला पाळणाघरात ठेवतील. माझ्याबिगर झोपत न्हाई ते."

त्याच आठवड्यात जेवताना त्यांनी मुलाला सांगितलं, मी राहते, पण मला बाहेर चालणारा फोन पाहिजे. आणि किल्ली. मुलाकडे त्यांनी आजवर कधी काही मागितलं नव्हतं. बघू, म्हणाला तो. शेवटी सुनेनेच दोन्ही आणून दिलं.

मग एकदा काकूंचा फोन आला तेव्हा पहिल्यांदाच त्यात वारा ऐकू आला. साडीवर प्रशांतचा जाड कोट चढवून त्या बागेतल्या बाकावर बसल्या होत्या. बाळ बाबागाडीत. त्यांना बाहेर बघून मला इतकं बरं वाटलं की मी विचारून गेले, "काकू, आता येणार कधी?"

त्यांनी बाळाच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"ते विचारू नको बाई," त्या म्हणाल्या. "तू विचारलं की मंग वर जावंसंच वाटत न्हाई."

फोन बंद करायचं त्या विसरल्या. मला बाबागाडीच्या चाकांचा आवाज येत राहिला, मग दाराला किल्ली लागल्याचा. लिफ्टमध्ये शिरल्यावर फोन आपोआप तुटला.