कापसाच्या खोलीतली मोटारसायकल

माझा मोठा भाऊ पारोळ्याजवळच्या गावात शेती करतो, मी जळगावला नोकरीला आहे. मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी गावी गेलो, तेव्हा भाव वाढायची वाट बघत त्याने कापूस घरातच ठेवला होता. आमच्याकडे तो पुढच्याच खोलीत भरतात. छताला टेकलेला ढीग आणि कडेने एक माणूस जाईल एवढी वाट. त्या वाटेने आत गेलं की आईची खोली. तिला दुसरं दार नाही. आई ऐंशीच्या पुढची, गुडघे धरलेले.

भावाची मोटारसायकल वीस-बावीस वर्षांची. चोरीच्या भीतीने तो ती रोज संध्याकाळी चालू इंजिनानेच उतारावरून उंबऱ्याच्या आत घ्यायचा. मी पोचलो त्या संध्याकाळी त्याने आत येऊन ॲक्सिलरेटर सोडला आणि सायलेन्सरमधून बंदुकीसारखा बार झाला. पाठोपाठ आणखी दोन.

"हे कधीपासून?"

"रोजच बोलस ती. आते गल्लीले सवय पडी गयी."

मी टेप आणून मोजलं. सायलेन्सरच्या तोंडापासून कापूस चौदा इंचांवर होता.

भाऊ हसला. "काय साहेब, पंचनामा व्हयना का?"

मला हसू आलं नाही. त्या रात्री गाडी ओट्यावर साखळीने बांधायला लावली आणि सकाळी निंबाखाली घेतली.

न्यूट्रलला ती धड उभी राहत नव्हती. एकदा बंद पडायला टेकायची, एकदा आपोआप रेस व्हायची. गावातल्या गॅरेजवाल्याने स्लोचा स्क्रू आवळून आवाज वाढवून दिला होता. त्याने गाडी बंद पडायची थांबली, दोष तसाच राहिला. मी प्लग काढला. काळा निघेल असं वाटलं होतं, तो पांढराफटक निघाला. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. असं मिश्रण इंजिनात नीट जळत नाही, तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं. कार्बोरेटर खोलून जेट फुंकले, फरक नाही. एअर फिल्टर ठीक होता. मग कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरावर साबणाचं पाणी सोडलं. क्षणभर इंजिन सुतासारखं चाललं, पाणी ओढलं गेलं तसं पुन्हा अडखळायला लागलं. रबर काढून वाकवलं. खालच्या बाजूला तडा होता, वरून दिसणारच नाही असा.

पारोळ्याहून नवं रबर आणून बसवलं, स्क्रू जागेवर आणला. संध्याकाळी मी नको म्हणत असतानाही भावाने गाडी आत घेतली. ॲक्सिलरेटर सोडला. बार नाही. इंजिन बंद केलं.

"दख, कशी चूप बसनी!"

खोलीत खरंच शांत होतं. पण जळका वास येत होता. काल तो गाडीचा वाटला होता. आज गाडीने काहीच टाकलं नव्हतं आणि वास कालच्यापेक्षा जास्त होता.

मी ढिगाकडे वाकलो. खालच्या अंगाला ताटलीएवढा डाग होता, करपलेला. वरचा कापूस पाणी पडून वाळल्यासारखा चिकटला होता.

"माय, हाई काय शे?" भावाने विचारलं.

आई आतल्या दारात उभी होती. "परवा गाडीना इस्तव उडना व्हता. मी तांब्याभर पानी टाकं."

"मंग सांगं कसाले नही?"

"इझी गया ना! त्यात काय सांगानं?"

कापूस वरून विझतो आणि आत धुमसत राहतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. भावाचा चेहरा उतरला. मी डागातून हात आत घातला. मनगटापर्यंत काही नाही. पुढे ऊब लागली. कोपरापर्यंत गेल्यावर बोटांना चटका बसला.

हात काढला तर त्या भोकातून हवा आत जाणार होती. मी तो तसाच ठेवला आणि दंडाभोवती दुसऱ्या हाताने कापूस दाबला.

"आधी आईला काढ," मी म्हणालो.

"माले कसाले उचलस, मी चालसू ना," आई म्हणत होती. भावाने ऐकलं नाही. तिला पाठीवर घेऊन तो माझ्या अंगाला घासत त्या वाटेने निघाला. मध्येच उभ्या केलेल्या गाडीच्या हँडलमध्ये तिचं लुगडं अडकलं. त्याने ते ओढून फाडलं.

ती उंबऱ्याबाहेर गेल्याचं पाहिलं आणि मी हात काढला. भोकातून धूर यायला लागला.