आबांच्या पायातले जंतू

क्रांतीसारखी पोरगी पलूस तालुक्यात दुसरी न्हाई. सांगलीच्या एका कॉलेजात ती जखमेतले जंतू काचेच्या बशीत वाढवती आन् त्यांच्यावर नवीन औषधं लावून बघती. जंतू मेला, की औषधात भिजवलेल्या कागदी चकतीभवती गोल मोकळी जागा पडती. थोरला भाऊ लालासाहेब छाती काढून सांगायचा, "डॉक्टर नुसतं लिवत्यात, औषध आमची क्रांती बनवती!"

"बनवत न्हाई रं दादा, तपासती." ऐकतंय कोण?

त्यातच वडलांचा, जोतिबाआबांचा, पाय उसाच्या बुडख्यानं फाटला. अंगात साखर आधीचीच. आई रंगूबाईनं गाईची कास सुजल्यावर सडात सोडायची ट्यूब काढली आन् जखमेत पिळली. "गाय बरी हुती, मग माणसाचं काय अवघड?" पू आटला की थांबायचं, सुजलं की परत पिळायचं. पोरगी कामात हाय म्हणून तिला कुणी कळवलंच न्हाई.

पाय काळा पडला तवा सांगलीला आणला. दवाखान्यानं पू तपासाय क्रांतीच्याच कॉलेजात धाडला. सकाळी तिनं बशी उघडली. दुकानात मिळणाऱ्या सगळ्या औषधांच्या चकत्यांना जंतू पार चिकटून वाढला हुता. मोकळी जागा एकाच चकतीभवती, तिच्या सरांच्या नव्या औषधाच्या. त्याला अजून नावबी न्हाई.

"मग आण की त्येच!" लालासाहेब दवाखान्यातच वरडला.

"दादा, बशीत जंतू मेला म्हणजे माणसाला सोसंल असं न्हाई. अजून उंदरालाबी दिलं न्हाई त्ये."

"आपला बाप उंदरापेक्षा हलका हाय व्हय?"

"भारी हाय म्हणूनच देत न्हाई."

तिच्यापुढं लालासाहेबाचं कवा चाललंय?

आबा खाटंवरनं हळू म्हणाले, "क्रांते, त्या ट्यूबनं झालं व्हय गं?"

दाराशी रंगूबाईनं पदर तोंडात धरला हुता. ट्यूबचं क्रांतीला दवाखान्यात आल्यावर सगळं कळलं हुतं. अर्धवट औषध खाऊन जंतू कसा माजतो, ही तिची रोजची भाकरी.

"आवं आबा, साखरंनं झालं," ती म्हणाली. जल्मात खोटं न बोललेली पोरगी.

गुडघ्याखाली पाय काढला. आबा आता सोप्यात बसून असत्यात, कुणाशी बोलत न्हाईत. पायातले जंतू मात्र क्रांतीनं फ्रीजात जित्ते ठेवल्यात. पुढची औषधं त्यांच्यावरच तपासायची. मधनंमधनं ती त्यांना ताज्या बशीत घालती, वाढवती. मरू देत न्हाई.