पान सत्तेचाळीसवरचे गृहस्थ

माझं पुस्तक येणं आणि घराचं छप्पर उतरणं एकाच आठवड्यात घडलं, ही चूक माझीच. प्रकाशक दोन वर्षं ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत होते आणि मिस्त्री वर्षभर ‘येत्या सोमवारी’. दोघांवरचाही विश्वास उडाल्यामुळे मी दोघांनाही ‘हो, चालेल’ म्हणत राहिले. मग दोघांनीही शब्द पाळला.

घर बिबवेवाडीतलं, मावशीने माझ्या नावावर केलेलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे छोटंसं अंगण आणि अंगणात सोनचाफा. आम्ही नवरा-बायको राहत होतो शनिवार पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. निवृत्तीनंतर इकडे यायचं ठरलं होतं. मावशी गेल्यापासून दर शनिवारी रात्री मी इथे मुक्कामाला यायचे आणि रविवारभर खिडकीशी बसून लिहायचे. निम्मं पुस्तक त्या खिडकीतच झालं.

हे जोडघर. आमच्या आणि शेजारच्या काकांच्या घरांत भिंत एक आणि वरचं कौलारू छप्परही एकच. मिस्त्रींनी माणसं वर चढवली आणि दहा मिनिटांत ते मला शोधत आले.

“ताई, मधलं लाकूड कुजलंय, पार भुसा झालाय. पण ते एकट्या तुमचं न्हाई, त्यांच्या घरातबी गेलंय. त्यांनी लिहून दिल्याबिगर मी हात लावणार न्हाई.”

काका पंचाहत्तरीचे. आयुष्यभर जमिनी मोजायच्या खात्यात नोकरी झालेली, त्यामुळे माणसाकडेही ते लांबीरुंदी काढत असल्यासारखे बघायचे. मी एका हातात ना हरकत पत्र आणि दुसऱ्या हातात नवंकोरं पुस्तक घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. पुस्तक अर्थातच लाच म्हणून.

“दोन्ही वाचतो,” ते म्हणाले. “वाचल्याशिवाय सही करायची सवय नाही.”

“अहो काका, सही फक्त पत्रावर हवी आहे.”

“ते आलं लक्षात.”

पाच दिवस गेले. अर्धी कौलं खाली, वर निळं प्लास्टिक आणि खाली मी, डोक्याला ओढणी बांधून. त्यातच वाचकांचे फोन यायला लागले. एका बाईंनी भिंत तासायचं यंत्र घरघरत असताना मला ओरडून सांगितलं की माझ्या लेखनातली शांतता त्यांना फार भावली. मीही ओरडूनच आभार मानले.

सहाव्या दिवशी काका आले. पुस्तकात खूण म्हणून पेन्सिल घातलेली. सिमेंटच्या पोत्यावर वर्तमानपत्र पसरून बसले आणि त्यांनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

“पान सत्तेचाळीस. ‘शेजारचे एक गृहस्थ रोज पहाटे काठीला आकडी लावून आमची फुलं चोरतात आणि चोरीच्या फुलांनी देव प्रसन्न करून घेतात.’ हा मी.”

“नाही हो! ते आमच्या शनिवार पेठेतले शेजारी.”

“बरं. शनिवार पेठेत तुमच्याकडे सोनचाफा आहे?”

“नाही.”

“मग काय आहे?”

“जास्वंद. गॅलरीत, कुंडीत.”

“कुंडीतलं फूल तोडायला आकडी लागते?”

मिस्त्री थापी थांबवून माझ्याकडे बघायला लागले. पेठेतले शेजारी खरंच होते, जिन्यातून जाता-येता हळूच फूल खुडायचे. पण ती आकडी कुठून आली? मग आठवलं. रविवारी पहाटे याच खिडकीतून मला कुंपणावरून आत येणारी एक काठी दिसायची, आणि काठीमागून काकांची माकडटोपी. लिहिताना मी दोन शेजारी एकत्र कालवले होते आणि साफ विसरूनही गेले होते.

“तुमच्या मावशीने मला परवानगी दिली होती,” काका म्हणाले. “तेव्हा चोरतात नाही, तोडतात. ते गृहस्थ मी नाही, असं लिहून द्या. मग मी सही करतो.”

“स्टॅम्पपेपर आणू?” मीही जरा चिडलेच होते.

“साधा कागद चालेल. तुमच्या शब्दावर अजून तरी विश्वास आहे.”

मी लिहून दिलं. त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी ते कुजकं लाकूड खाली आलं आणि मला वाटलं, संपलं प्रकरण.

पण हळूहळू पुस्तक बिबवेवाडीच्या आमच्या सोसायटीत फिरायला लागलं. बायका मला अडवून विचारायच्या, “सत्तेचाळीसवरचे ते काकाच ना?” मी दिलेल्या शब्दाला जागून सांगायचे, “छे छे, ते वेगळे गृहस्थ.” जो विचारेल त्याला सांगत सुटले. एवढा प्रामाणिकपणा मी आयुष्यात क्वचितच दाखवला असेल. आणि काका मात्र दिवसेंदिवस माझ्याशी तुटक वागायला लागले. मी नमस्कार केला की ते आमच्या नव्या कौलांकडे बघायचे.

शेवटी एका दुपारी काकू भिंतीपलीकडून हाक मारून आल्या. इकडेतिकडे बघत म्हणाल्या, “अगं, ते तुझं पत्र परत घेशील का?”

“का हो? काय झालं?”

“ह्यांनी पुस्तकाच्या सहा प्रती आणल्यात. साताऱ्याला दिरांना, नागपूरला लेकीला, सगळ्यांना पाठवल्या. प्रत्येकीत सत्तेचाळीसवर खूण. येरवड्याची नणंद तर म्हणाली, दादा, तू पुस्तकात गेलास! आणि इथे तू सगळ्यांना सांगतेस की हे ते नव्हेतच. ह्यांना खोटं पडल्यासारखं झालंय.”

“पण काकांनीच तर मागितलं होतं पत्र!”

“मागितलं गं. तेव्हा पाठवायचं सुचलं नव्हतं.”

मला इतकं हसू आलं की मी नव्या ओट्याला धरून उभी राहिले. काकूही हसल्या, पण पदर तोंडावर धरून, कारण भिंत एकच होती.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. काका देव्हाऱ्यातलं निर्माल्य काढत होते.

“काका, मी नीट आठवून पाहिलं. पत्रात माझी चूक झाली. ती आकडी तुमचीच.”

त्यांनी सावकाश हात पुसले, कपाटातून पत्र काढलं, एकदा वाचून पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. “लेखकाने आधी नीट बघावं आणि मग लिहावं,” एवढंच म्हणाले. चहा मात्र झाला, आणि बरोबर लाडूही.

आम्ही राहायला आलो त्याला आता चार महिने झाले. मध्यंतरी कॉलेजातली एक मुलगी पुस्तकावर सही घ्यायला आली. पत्ता चुकून ती शेजारी गेली. मी खिडकीतून बघत होते. काकांनी तिला बसवलं, चष्मा लावला, पुस्तक उघडलं आणि सत्तेचाळिसाव्या पानावर ऐसपैस सही केली. मग माझ्या दाराकडे बोट दाखवून म्हणाले, “बाकीच्या पानांचं तिकडे बघतात.”