जिवंत बाईच्या फोटोला हार

जूचंद्रात प्रीतल भोईरला बसून चहा पिताना पाहिलेलं माणूस सापडणं कठीण. ती उभ्यानेच पिते. कप हातात घेऊन ओटीवरून आत जाते, आतून परसात, आणि शेवटचा घोट राहिलेला कप संध्याकाळी कुठल्या तरी खिडकीत सापडतो. हिच्या पायाला भिंगरी आहे, असं तिची आई म्हणायची. नवरा भूपेश टेम्पो चालवतो. तो म्हणतो, "माझ्या टेम्पोला हँडब्रेक हाय. हिला बसवायचा राहिला."

अशी बाई टीव्हीवर सात वर्षं एका सोफ्यावर बसून होती, हे गावातल्या लोकांना तिच्या अभिनयापेक्षा मोठं नवल वाटे.

गावाच्या पलीकडे, जुन्या मिठागरांच्या बाजूला मालिकांचे सेट उभे राहिले, तेव्हाची ही गोष्ट. जूचंद्रातल्या पोरापोरींच्या बोटांत रांगोळी आहे, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. एका विनोदी मालिकेत दिवाळीचं अंगण दाखवायचं होतं, म्हणून गावातून चार मुली बोलावल्या. प्रीतल त्यांच्यात होती, कॉलेज नुकतंच संपलेलं. सकाळपासून ओणवं बसून तिने मोर पुरा केला, आणि मालिकेतले बापू, म्हणजे ते काम करणारे नट, मोबाइलवर बोलत बोलत मोराच्या पिसाऱ्यावरून चालत गेले.

"ओ काका," प्रीतल उठून म्हणाली, "ते पाय हायत का बैलगाडी? सकालपासून माझी कंबर मोडली इथं."

सेटवर हशा पिकला. दिग्दर्शक हसले नाहीत, त्यांनी नाव विचारून घेतलं. महिन्याभरात प्रीतल त्याच बापूंची बायको शालन झाली. केसांत पांढरी बट, नाकावर चष्मा, आणि नवऱ्याला उठताबसता टोमणे. वय बावीस आणि रूप पंचेचाळिशीचं, त्यामुळे रस्त्यात तिला कोणी ओळखत नसे. बोलली की मात्र लोक माना वळवून पाहत.

काम तिला आवडलं. विनोदी मालिकेत वाक्य संपलं की क्षणभर थांबावं लागतं, तिथे नंतर हशा भरतात. ते थांबणं ती इतकं नेमकं शिकली की घरीही बोलून झालं की थांबू लागली. भूपेशला सुरुवातीला वाटायचं, ही आपल्या उत्तराची वाट पाहते आहे.

पण सोफा तिला सोसला नाही. सगळे कॅमेरे सोफ्याकडे तोंड करून लावलेले, उजवीकडे बापू आणि डावीकडे शालन. शॉट लांबला की तिचा पाय हलू लागे, सोफा हले आणि कॅमेरामन ओरडे, "शालनताई, भूकंप." मधल्या वेळात ती कपडेपटाच्या खोलीत जाऊन उभी राही. तिथे प्लासिडकाका असत. वसईकडच्या एका वाडीतले, पूर्वी चर्चमधल्या लग्नांचे गाऊन शिवणारे. त्यांची खरी करामत साड्यांची होती. नटीला दोन मिनिटांत कपडे बदलून उभं राहायचं असे, म्हणून ते निऱ्या आधीच शिवून, पदर टाचून, कमरेला हुक लावून साडी तयार ठेवत. झग्यासारखी चढवायची.

"काका, अशी नऊवारी होईल?" प्रीतलने एकदा विचारलं. "आमची हळदीतली, आखूड. नाचताना सुटायला नको."

"काष्टा कठीण आहे," प्लासिडकाका म्हणाले. "तुला शिवायचीय की विचारायचीय?"

ती शिवायला लागली. तीनदा चुकली, चौथ्यांदा चुलतबहिणीच्या हळदीत तीच नेसून नाचली. पदर जागचा हलला नाही. बायकांनी गराडा घातला. कशी नेसलीस, कोणी नेसवली, सुटत कशी नाही. आगरी हळदीत घरच्या सगळ्या बायका एका रंगात दिसल्या पाहिजेत, आणि नऊवारी नेसवून देणारी बाई गावात एखादीच. दुपारपासून तिच्यापुढे रांग लागते. प्रीतलला त्या रांगेत आपला धंदा दिसला, आणि पुढच्याच आठवड्यात तिने मालिका सोडली.

मालिका थांबली नाही. लेखकांनी शालनला मारून टाकलं. भिंतीला लावायला फोटो हवा होता, पण शालनचा एकटीचा नीट फोटो कोणाकडे नव्हता, सगळ्यांत शेजारी बापू. प्रॉडक्शनमधून फोन आला तेव्हा प्रीतल मशीनची मोटार बसवून घेत होती. एका हाताने मोबाइल चाळून जो बरा दिसला तो तिने पाठवला. तो त्या हळदीतला होता. हिरवी नऊवारी, तोंडभर हसू, दोन्ही गालांना हळद. पाठवला आणि विसरली.

नायगावला तिने गाळा घेतला, चौघी शिवणाऱ्या बायका ठेवल्या. पहिलं वर्ष सुट्या साड्यांवर गेलं, आणि मग मोठं काम आलं. हरेश्वर पाटलांच्या दिपिकाचं लग्न. नवरीसकट घरच्या पस्तीस बायकांना हळदीसाठी एकसारख्या पिवळ्या नऊवाऱ्या. पाटलांचा गोतावळा कामणपासून अर्नाळ्यापर्यंत. त्या मांडवात साड्या शोभल्या असत्या, तर पुढची सगळी लग्नं तिचीच होती. आणि नसत्या शोभल्या तर चौघींना घरी पाठवायची वेळ आली असती.

हळदीला दोन आठवडे उरले असताना हरेश्वरचा फोन आला. "प्रीतल, आमच्या आयेचं काय तरी निघालंय. कापड कापू नको अजून."

कापड कापून झालं होतं.

हरेश्वरची आई गोमाबाय ओटीवर सुकट निवडत बसली होती. तिने प्रीतलला पाट दिला. प्रीतल उभीच राहिली.

"मी टीवी रोज बगतंय," गोमाबाय म्हणाली. "तुझा हार रोज दिसतो."

"आजी, ती शालन मेली. मी कुठं मेले?"

"फोटो कोनाचा हाय?"

"माझा."

"गालाला हलद कोनाच्या हाय?"

"माझ्याच."

"मंग हार कोनाला घातला?"

प्रीतलने जुनी म्हण काढली. "आजी, जित्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी आली की त्याचं आयुष्य वाढतं. तुम्हीच सांगता की." आणि सवयीने ती क्षणभर थांबली. गोमाबाय हसली नाही.

"तुझं वाढल गो पोरी. शंबर वरसं जग. पन हार घातलेल्या बाईच्या हातचं लुगडं हलदीत माझी नात नेसनार, तिचं काय?" तिने सुकटीतला एक खडा उचलून अंगणात टाकला. "मना तुझा राग नाय. हार उतरव, मंग आन साड्या. दुसऱ्यानं काढलेला चालायचा नाय. घातला चारचौघांत, तर तूच काढ चारचौघांत."

प्रीतल तिथून थेट सेटवर गेली. स्कूटर चालवताना तिला राग गोमाबायचा येत नव्हता, स्वतःचा येत होता. फोटो निवडायला घटकाभर बसली असती तर?

दिग्दर्शकांनी ऐकून घेतलं. "फोटो काढता येणार नाही. बापू रोज त्याच्याशी बोलतात, लोक त्याच्यावरच हसतात. शिवाय बापूंचं दुसरं लग्न ठरवतोय आता. तू स्वप्नात ये. हार काढ, बापूंना दोन शब्द सुनाव, जा."

"स्वप्नात मेलेली माणसंच येतात, सर. म्हातारी मला दारात उभी करायची नाही."

"मग खरीच परत ये. जुळी बहीण करू, काहीही करू. पण वर्षभरासाठी. एका दिवसासाठी मी गोष्ट फिरवणार नाही."

सेटवर सगळं तसंच होतं. सोफ्याला नवी खोळ आली होती. कोणीतरी चहा आणून दिला, "शालनताई, साखर कमी ना?" म्हणत. इथे प्रत्येकाला आपली जागा ठाऊक होती. काय बोलायचं ते लिहून मिळत होतं. गाळ्यात कापलेलं पिवळं कापड पडलं होतं, आणि चौघी तिच्या फोनची वाट पाहत होत्या. हो म्हणावं, असं तिच्या मनात खरोखरच आलं. ती डाव्या बाजूला, आपल्या जुन्या जागी जाऊन बसली. दिग्दर्शक काहीतरी तारखांचं बोलत होते. बोलता बोलता त्यांनी खाली पाहिलं. सोफा हलत होता.

"नाही जमायचं, सर," प्रीतल उठली. दोन पावलं गेली, परत फिरली. "शालन मेलीच नव्हती असं केलं तर?"

"म्हणजे?"

"ती घर सोडून धंदा करायला गेली होती. बापूंना चाळीत सांगायची लाज वाटली. बायको कामाला गेली म्हणण्यापेक्षा बायको गेली म्हणणं त्यांना सोपं वाटलं. यांनीच हार घातला. आता लग्नाची सुपारी फुटतेय आणि ही दारात. हार काढते, बापूंच्याच गळ्यात घालते आणि परत जाते. मला एक दिवस द्या. पुढं तुम्हाला महिनाभर बापूंना छळता येईल."

दिग्दर्शक या वेळी हसले. मोठ्याने, आणि लेखकाला हाक मारली.

चित्रीकरण चार दिवसांत ठरलं, पण तो भाग टीव्हीवर यायला महिना लागणार होता. हळद तोवर होऊन जाणार. मग प्रीतलने जे केलं ते दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तर शहाणपणाने टाळलं असतं. तिने गोमाबायला भूपेशच्या टेम्पोत बसवून सेटवर आणलं.

गोमाबाय चांगलं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून आली. प्लासिडकाकांनी तिला कॅमेऱ्याच्या मागे खुर्ची दिली. दिवे लागले. शालन दारातून आली, सोफ्याला वळसा घालून भिंतीपाशी गेली, फोटोवरचा चंदनाचा हार उतरवला आणि बापूंकडे वळली. गोमाबायने हात जोडले.

"कट," दिग्दर्शक म्हणाले. "बापू वाक्य चुकले. पुन्हा."

कला विभागातल्या माणसाने हार उचलला आणि फोटोला परत घातला.

"अरे बाबा," गोमाबाय म्हणाली, "काढला ना तिनं? परत कशाला घालतोस?"

प्लासिडकाकांनी तिला हळू आवाजात समजावलं. दुसऱ्या वेळी सगळं छान झालं, तरी दिग्दर्शकांना आणखी एक हवा होता. हार पुन्हा फोटोवर. तिसऱ्या वेळी विमान गेलं. हार पुन्हा फोटोवर. प्रीतल गोमाबायकडे बघायचं टाळत होती. हार उतरलेला दाखवायला आणलेल्या म्हातारीसमोर आपल्याला परत परत मारत होते, आणि तिला आपणच इथे आणलं होतं.

चौथ्या वेळी हार उतरला, बापूंच्या गळ्यात पडला, "कट" झालं, आणि "पुन्हा" म्हणायच्या आत गोमाबाय खुर्चीतून उठली. जड पावलांनी सेटवर चढली, बापूंच्या गळ्यातून हार काढला, घडी करून आपल्या पिशवीत घातला आणि पिशवी घट्ट धरून सोफ्यावर बसली.

"आजी, हार द्या," दिग्दर्शक म्हणाले.

"नाय."

"आमचा आहे तो."

"पोर कोनाची हाय?"

बापू खाली मान घालून हसू आवरत होते.

"काका, दुसरा हार?" दिग्दर्शकांनी विचारलं.

दुसरा हार प्लासिडकाकांच्या दागिन्यांच्या खणात होता. खणाची चावी त्यांच्या खिशात होती. "एकच होता," ते म्हणाले.

दिग्दर्शकांनी घड्याळ पाहिलं, पिशवी पाहिली, पिशवी धरणारे हात पाहिले. "दुसरा टेक चांगला होता," ते म्हणाले. "तोच ठेवू."

परतताना खाडीच्या पुलावर गोमाबायने भूपेशला टेम्पो थांबवायला लावला आणि हार पाण्यात सोडला. मग सेटवर नाश्त्याला मिळालेला वडापाव पदराखालून काढून खाल्ला. वाटेत एकच गोष्ट बोलली. "तो बापू बरा मानूस हाय. पन पाय घासत चालतो."

पुढचे आठ दिवस गाळ्यातली मशीनं थांबली नाहीत. प्लासिडकाका सुट्टी टाकून काष्टे शिवायला आले. हळदीच्या संध्याकाळी पाटलांच्या मांडवात पस्तीस पिवळ्या नऊवाऱ्या उभ्या राहिल्या, आणि त्या दिवशी कोणाच्याही दारात नेसवून घेणाऱ्यांची रांग लागली नाही. प्रीतलला मात्र चैन नव्हतं. तोंडात टाचण्या धरून ती एकीचा पदर बघ, दुसरीची कंबर घट्ट कर, अशी मांडवभर फिरत होती. कोणाचा हुक निसटला तर? नाचताना निरी उसवली तर? तिला नवरीकडे नीट बघायलाही वेळ झाला नाही.

लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण गाऊ लागली. उखळापाशी हळद कांडायला पाच सवाष्णी लागतात. चौघी उभ्या होत्या.

"प्रीतल," गोमाबायने हाक मारली. "पाचवी तू."

मांडवातल्या बायकांच्या माना वळल्या. हार सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिला होता.

"आजी, थांबा, मामींचा हुक—"

"मामीचा हुक मामी बगल. ये."

प्रीतलने टाचण्या भूपेशच्या तळहातावर ठेवल्या आणि मुसळ धरलं. पहिला घाव पडला, दुसरा पडला. तिचे हात उखळात आणि डोळे मांडवाच्या पलीकडच्या टोकाला, जिथे अर्नाळ्याच्या आत्याच्या खांद्यावरचा पदर जरा घसरल्यासारखा दिसत होता. गोमाबायने तिची हनुवटी धरली आणि तोंड उखळाकडे वळवलं.