पाच व्होल्ट, दोन अँपिअर

हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही — आणि तिच्यापासून मी काय लपवते? काहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता, तर तुमच्यासमोरही मी तीच जुनी थाप मारली असती, आणि ती तुम्हाला पटलीही असती. माझ्या तोंडून काहीही पटतं.

आधी माझा तोरा ऐकून घ्या. एकतीस वर्षं मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. रिटायर झाल्यावर नवीन पनवेलच्या फ्लॅटची गॅलरी बंद करून घेतली, तिथे टेबल टाकलं, आणि व्हॉल्व्हचे हेडफोन अॅम्प्लिफायर बनवायला लागले. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत मंद पेटायच्या त्या काचेच्या नळ्या. माझा अॅम्प्लिफायर घ्या, हेडफोन कानाला लावा, आवाज पूर्ण वाढवा आणि गाणं लावू नका. काही गुणगुण ऐकू आली तर मला सांगा. येणार नाही. पुण्याहून लोक येऊन ही परीक्षा घेऊन गेलेत, आणि जाताना ऑर्डर देऊन गेलेत.

पण ती शांतता अर्धी माझी होती. अर्धी बेलपाड्याच्या हिराजी तात्यांची.

तात्या ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचे. घरची भातशेती गेली, तेव्हा ते मोटर वाइंडिंग शिकले, आणि तिथून ट्रान्सफॉर्मरवर आले. हाताने फिरवायचं मशीन, तारेचा प्रत्येक थर सरळ, दोन थरांमध्ये कागद. मी चिठ्ठीवर आकडे लिहून द्यायचे. तात्या त्या आकड्यांच्या बाहेर कधी गेले नाहीत. मी त्यांची एकही वस्तू परत पाठवली नाही — आणि मी परत पाठवण्यात किती पटाईत आहे, ते आमच्या किराणावाल्याला विचारा.

आता दळवी सर. समोरच्या बिल्डिंगमध्ये राहतात, शाळेत गायन शिकवायचे. त्यांच्या पत्नी अंथरुणाला खिळलेल्या, एकाच खोलीत दोघं, त्यामुळे सर गाणी हेडफोन लावूनच ऐकतात. त्यांना मी माझा अॅम्प्लिफायर करून दिला होता. दुपारी त्या झोपल्या की तेवढाच त्यांना विसावा. काही वर्षांपूर्वी त्यातला रेक्टिफायर व्हॉल्व्ह गेला. घरातल्या एसी विजेचं डीसी करतो, तो. तसाच दुसरा मिळेना. सरांचा चेहरा पाहवत नव्हता.

बदली रेक्टिफायर निवडणं हा माझा हुकमी विषय. वर्गात मी चार गोष्टी घोकून घ्यायचे. पाया जुळतो का? आतल्या तारेला, म्हणजे फिलॅमेंटला, व्होल्ट तितकेच लागतात का? ती तार करंट किती ओढते? आणि पुढचा पहिला कपॅसिटर त्या व्हॉल्व्हला झेपेल का? चारही उत्तरं आली, तरच हात लावायचा. ‘बसतो म्हणून चालतो असं नसतं’ — हे वाक्य मी किती वेळा ओरडले असेन.

माझ्या खणात एक मोठा रेक्टिफायर होता. पाया तोच. व्होल्ट तेच. सर म्हणाले, एकदा पुस्तकात बघून घेता का? साधी विनंती होती. पुस्तक हाताच्या अंतरावर होतं. पण मला — मला पुस्तक? मी हसले आणि म्हणाले, सर, ही पुस्तकं मला पाठ आहेत. आणि व्हॉल्व्ह बसवला.

बसला. आवाज उलट जास्त भरदार झाला. सरांनी डोळे मिटले आणि अख्खं गाणं तसंच ऐकलं. मी किती खूश झाले म्हणून सांगू!

तीन आठवड्यांनी त्यांच्या खोलीत जळका वास सुटला, अॅम्प्लिफायरच्या डब्यातून धूर आला. पेशंट अंथरुणात, सर घाबरून खिडक्या उघडतायत. नशीब, त्यांनी प्लग ओढला. डबा माझ्याकडे आला. आतल्या, तात्यांनी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरचा कोळसा झाला होता. मग मी पुस्तक उघडलं. जुना व्हॉल्व्ह दोन अँपिअर ओढायचा. मी बसवलेला — तीन. तात्यांना दिलेल्या चिठ्ठीची कार्बन कॉपी माझ्याच फाइलमध्ये होती, माझ्याच अक्षरात. पाच व्होल्ट, दोन अँपिअर. जादा ओझं एवढंच होतं की फ्यूज उडाला नाही. वाइंडिंग नुसतं तापत राहिलं, रोज, सर ऐकत असताना.

म्हणजे मला माहीत होतं. हे नीट लक्षात ठेवा. नंतर कळलं असं नाही — बोलायच्या आधीच माहीत होतं.

संध्याकाळी सर आले. तात्याही नवीन चिठ्ठी न्यायला आलेले, चहा घेत बसले होते. सरांनी अगदी संकोचत विचारलं की तो नवा व्हॉल्व्ह तर कारण नाही ना. उत्तर एका अक्षराचं होतं. हो. एवढंच. काय गेलं असतं माझं?

मी म्हणाले, “वाइंडिंग कच्चं निघालं, सर.”

तात्यांनी कप खाली ठेवला. ट्रान्सफॉर्मर हातात घेतला, नखाने जळका कागद सोलला, तार उजेडात धरली. बराच वेळ पाहिलं.

“माजी तार खोटी नसते, मॅडम,” ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. “पन तुमी सांगताव त आसंल.”

त्या ‘आसंल’ला मी थांबवू शकले असते. मी चहा प्यायले.

आठवड्याने त्यांनी स्वतःहून नवा ट्रान्सफॉर्मर आणून दिला. या खेपेला जाड तार घातलीय म्हणाले, आणि म्हणाले की हा शेवटचा, आता हाताचा भरवसा नाय. मशीन त्यांनी भंगारात घातलं. मी दुसरीकडून योग्य व्हॉल्व्ह मिळवला आणि सरांना काही न बोलता बसवला. तो मोठा व्हॉल्व्ह फडक्यात गुंडाळून फोडला. सरांचा अॅम्प्लिफायर आजही वाजतो, सुंदर वाजतो, आणि तो ऐकताना मला आजही अभिमान वाटतो. वाटतो, ते का नाकारू?

आजही लोक फोन करून विचारतात, मॅडम, कुठला रेक्टिफायर घालू म्हणजे धोका नाही? मी चारही गोष्टी सांगते. तिसरी दोनदा सांगते. लोक म्हणतात, मॅडम किती काळजी घेतात. आणि पुढे — हे सांगायला जीभ अडखळते — पुढे मी उदाहरणही देते. एका कच्च्या वाइंडिंगचं. नाव घेत नाही, एवढंच.

गेल्या महिन्यात तात्यांच्या नातीचा साखरपुडा झाला. बेलपाड्यात दारात मांडव, दुपारची पंगत. तात्या आता वाकलेत, पण मला बघून स्वतः उठून आले. हात धरून मला व्याह्यांपुढे नेलं.

“या आमच्या मॅडम,” ते सांगू लागले. “यांच्या हाताखाली मी काम केलंय. आख्ख्या जल्मात माजी एकच खोट निंगाली, ती पन यांनीच धरली. दुसऱ्या कोनाला कललीच नसती.”

किती अभिमानाने सांगत होते. व्याह्यांनी मला हात जोडले.

मी मान डोलावली. मग पंगतीत बसले, आणि वाढलेलं सगळं जेवले.